वसवणारा आणि घडवणारा : ग्रीक बायबलातील निर्माणकर्ता



नव्या करारात २७ पुस्तके आहेत आणि जग देवाने केले, हे त्या सगळ्यांचे गृहीत आहे. ‘ज्याने निर्माण केले तो’ अशी क्रियापदावरून साधलेली रूपे त्यांत जागोजाग सापडतात. पण ‘निर्माणकर्ता’ या अर्थाचे ‘क्तिस्तेस’ हे ग्रीक नाम मात्र अख्ख्या नव्या करारात एकदाच येते. पेत्राच्या पहिल्या पत्रात, चौथ्या अध्यायाच्या अगदी शेवटच्या वचनात. त्याचा जोडीदार ‘देमिउर्गोस’ हाही एकदाच भेटतो, इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात.

एकेकदाच आलेल्या दोन शब्दांवर तासभर बोलण्याचे कारण काय? कारण असे की हे दोन शब्द म्हणजे एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. देव जग करतो तो कसा? हातात रंधा-वाकस घेतलेल्या कारागिरासारखा, की मोकळ्या माळावर पेठ वसवणाऱ्या राजासारखा? ग्रीक माणसाला ही दोन माणसे वेगवेगळी दिसत होती. मराठी माणसालाही ती चांगली ओळखीची आहेत. आपल्या भाषांतरात मात्र दोघेही भारदस्त सामासिक शब्दांआड गेले.

आधी कारागीर पाहू. ‘देमिउर्गोस’ची फोड सोपी आहे. ‘देमोस’ म्हणजे लोक, गाव. ‘एर्गोन’ म्हणजे काम. गावाचे काम करणारा तो देमिउर्गोस. होमरच्या ‘ओडिसी’त सतराव्या सर्गात डुकरे राखणारा यूमेयस एका उर्मट सरदारपुत्राला सुनावतो की उपऱ्याला आपणहून घरी कोण बोलावतो? बोलावणे जाते ते गावाच्या कामाच्या माणसांना. मग तो यादी देतो : भविष्य सांगणारा, दुखणे बरे करणारा, लाकूडकाम करणारा सुतार आणि गाणारा.

ही यादी वाचताना त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाड्या’ची आठवण न होणारा मराठी वाचक विरळा. १९१५ साली आलेल्या त्या पुस्तकात बलुतेदारांची जी रांग उभी आहे, तिच्यात सुतार आहे, जोशी आहे, आणि गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना शेजारच्या अलुतेदारांत जागा आहे. फरक एवढाच, की आपला बलुतेदार गावाला बांधलेला आणि खळ्यावर धान्य घेणारा. होमरचा देमिउर्गोस बोलावणे येईल तिकडे जाणारा. पुढे काही ग्रीक नगरांत हाच शब्द अधिकाऱ्याच्या पदालाही लागला. काम मात्र लोकांचेच राहिले.

या गावकामगाराला आकाशात नेऊन बसवले ते प्लेटोने. ‘तिमेयस’ या संवादात त्याने विश्वाचा कर्ता म्हणून देमिउर्गोस उभा केला. हा कर्ता चांगला आहे, मत्सरी नाही. तो शाश्वत नमुन्याकडे पाहतो आणि समोर पसरलेल्या अस्ताव्यस्त द्रव्याला आकार देतो. गंमत अशी, की याच प्लेटोने आपल्या आदर्श नगरात कारागिरांना सगळ्यांत खालच्या वर्गात ठेवले होते. नगर चालवायला जो लायक नाही, त्याच्याकडे त्याने विश्व सोपवले!

कारागीर म्हटला की कच्च्या मालाचा प्रश्न आलाच. सुताराला लाकूड लागते, कुंभाराला माती लागते, विणकराला सूत लागते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले विश्वकर्म्याचे सूक्त हाच प्रश्न थेट विचारते : ज्यापासून द्यावापृथ्वी घडवली ते लाकूड कोणते, ते झाड कोणते, आणि घडवताना तो उभा तरी कुठे होता? आपल्याकडचे पांचाळ कारागीर आजही ज्याची पूजा बांधतात, त्या विश्वकर्म्याच्या नावावर हा प्रश्न नोंदला गेला आहे. देव जर कारागीर, तर माल त्याच्या आधीपासून होता; आणि माल आधीपासून असेल तर देव एकटा आरंभाचा धनी उरत नाही.

यहुदी भाषांतरकारांची अडचण नेमकी इथे होती.

इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात इब्री धर्मग्रंथांचे ग्रीक भाषांतर सुरू झाले. त्याला सप्तती म्हणतात. भाषांतर करणाऱ्यांना ‘देमिउर्गोस’ हा शब्द आयता उपलब्ध होता. विद्वानांत चालत होता, प्रतिष्ठितही झाला होता. तरी देवासाठी त्यांनी तो टाळला. सप्ततीत हे नाम एकदाच दिसते, मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, आणि तेही देवाबद्दल नाही. अनर्थ घडवून आणणाऱ्या माणसाबद्दल आहे! देवासाठी त्यांनी पुढे पुढे पसंत केले ते ‘क्तिझो’ हे क्रियापद आणि त्याचे कुटुंब.

सरसकट नियम म्हणून मात्र हे सांगता येत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या वचनात इब्री ‘बारा’ या क्रियापदासाठी सप्ततीने ‘एपोइएसेन’, म्हणजे साधे ‘केले’, असेच लिहिले आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अक्विला नावाच्या यहुदी भाषांतरकाराने त्याच वचनात बदल करून ‘एक्तिसेन’ घातले. कोणते क्रियापद देवाला शोभते याची चाचपणी अशी चारेकशे वर्षे चालली होती.

आता ‘क्तिझो’ म्हणजे काय? त्याचा रोजचा, बाजारातला अर्थ ‘निर्माण करणे’ असा नव्हता. क्तिझो म्हणजे गाव वसवणे. क्तिस्तेस म्हणजे गाव वसवणारा. अलेक्झांड्रिया वसवले अलेक्झांडरने, इसवी सनापूर्वी ३३१ मध्ये. त्याचा देहही पुढे त्याच शहरात आणून ठेवला. ग्रीक जगात वसवणाऱ्याला मरणोत्तर पूजा मिळे आणि शहर त्याच्या नावाने उत्सव करी. रोमन काळात सम्राट हेड्रियनला कितीतरी नगरांनी क्तिस्तेस ही पदवी दिली, कारण त्याने त्यांना इमारती, पाणी आणि सवलती दिल्या होत्या. म्हणजे सप्ततीचे भाषांतरकार ज्या शहरात बसून लिहीत होते, त्या शहराच्या रस्त्यांवरच हा शब्द घडत होता.

वेर्नर फोर्स्टर या जर्मन अभ्यासकाने या निवडीचा अर्थ नेमका पकडला. कारागिराच्या कामात हात आणि माल महत्त्वाचे. वसवणाऱ्याच्या कामात निर्णय महत्त्वाचा. त्याने ठरवले, हुकूम दिला, आणि जिथे काही नव्हते तिथे गाव आले. गवंडी, सुतार, पाथरवट मागाहून येतात. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव बोलतो आणि होते. त्या देवाला कारागिराच्या शब्दापेक्षा वसवणाऱ्याचा शब्द जवळचा.

फोर्स्टरच्या या मांडणीला मराठी कागदपत्रांतून एक जोड देता येते, आणि ती दिल्याशिवाय ‘क्तिस्तेस’ पुरता उमगत नाही. वसवणे म्हणजे नुसता हुकूम नव्हे. मराठी राज्यात पेठ वसवायची तर आधी कौल द्यावा लागे. कौल म्हणजे राज्याचा लेखी शब्द : या, इथे घरे-दुकाने घाला, अमुक वर्षे कर माफ, जुन्या देण्याघेण्यासाठी तुम्हांला इथे उपद्रव लागणार नाही. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्याला इस्तावा मिळे. सारा पहिल्या वर्षी नावापुरता, मग दरसाल थोडा थोडा चढत पूर्ण दराला पोचणारा. पेठेला शेटे आणि महाजन नेमले जात. मग चोरांपासून राखण आली, पाण्याची सोय आली. या सगळ्यानंतर वाणी, कोष्टी, तांबट बायकापोरांसह येऊन राहत. कौल मोडला तर ते तितक्याच झटपट उठून जात आणि पेठ ओस पडे.

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली; तेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथे त्याने जमिनीखालून नहरीने पाणी आणले. राजर्षी शाहूंनी १८९५ मध्ये कोल्हापुरात शाहूपुरी वसवली आणि १९१७ मध्ये वडिलांच्या नावाने जयसिंगपूर. ही माणसे काही विटा रचत नव्हती. त्यांनी शब्द दिला आणि तो पाळला, म्हणून गावे उभी राहिली. वसवणाऱ्याचा खरा गुण बळ नव्हे. दिल्या कौलाला जागणे हा आहे.

हे ध्यानात ठेवून पेत्राच्या त्या एकुलत्या वचनाकडे वळू. तिथे क्तिस्तेसला एक विशेषण जोडले आहे : ‘पिस्तोस’, म्हणजे विश्वासू, भरवशाचा. निर्माणकर्त्याला ‘विश्वासू’ म्हणणे तसे चमत्कारिकच वाटते. निर्माता समर्थ असेल, कुशल असेल, विश्वासू कशासाठी? पण ‘वसवणारा’ म्हटले की विशेषण लगेच जागेवर बसते. कौल देणारा विश्वासूच हवा. त्याच वचनातले क्रियापदही पाहा. आपले जीव त्याच्याकडे ‘सोपवावे’ असे जिथे म्हटले आहे, तिथला ग्रीक शब्द ठेव ठेवण्याचा आहे. परगावी निघालेला माणूस आपला ऐवज खात्रीच्या माणसाकडे ठेवून जातो, तो हा व्यवहार.

हे पत्र लिहिले कोणाला? पहिल्याच वचनात पाच प्रांतांची नावे आहेत : पंत, गलतिया, कप्पदुकिया, आसिया, बिथुनिया. आजच्या तुर्कस्तानाचा हा बराच मोठा भाग. तिथल्या वाचकांना पत्र दोनदा ‘परदेशी’, ‘प्रवासी’ या अर्थाच्या शब्दांनी हाक मारते. त्यांतला ‘पारोइकोस’ म्हणजे गावात राहतो, पण गावचा हक्कदार नाही असा माणूस. आपल्या जुन्या महसुली भाषेत त्याला नेमका शब्द आहे : उपरी. मिरासदार गावचा वंशपरंपरेचा धनी आणि उपरी बाहेरून आलेला, आज आहे उद्या नाही. पंताचे नाव यादीत पहिले आहे, आणि त्या पंताचे स्वतंत्र राज्य ज्याने उभारले तो पहिला मिथ्रिदातेस इतिहासात ‘क्तिस्तेस’ याच उपनामाने ओळखला जातो. ज्या मुलखात हा शब्द राजाच्या नावाला चिकटलेला होता, तिथल्या उपऱ्यांना पत्र सांगते की तुमचा वसवणारा वेगळा आहे आणि तो भरवशाचा आहे. छळ सोसणाऱ्या, हक्क नसलेल्या माणसांना विश्वाच्या उत्पत्तीचा सिद्धांत कशाला हवा होता? त्यांना कौल हवा होता.

योगायोग पाहा, याच पंतातल्या सिनोपे गावचा मार्कियन दुसऱ्या शतकात रोमला गेला आणि जग निर्माण करणारा देव वेगळा, येशूचा दयाळू पिता वेगळा, असे सांगू लागला. त्याच शतकात ज्ञानवादी पंथांनी देमिउर्गोसला खालच्या दर्जाचा, अडाणी, आडमुठा देव ठरवले. त्याआधी रोमच्या चर्चचा पुढारी क्लेमेंट याच्या पत्रात हाच शब्द देवासाठी आदराने आलेला आहे. चांगला चाललेला शब्द असा भांडणात सापडून बदनाम झाला. इसवी सन ३८१ मधल्या कॉन्स्टंटिनोपलच्या मतांगीकारात चर्चने ‘पोइएतेस’ हा शब्द ठेवला. पोइएतेस म्हणजे करणारा, आणि ग्रीकमध्ये कवीही.

मराठीत हे शब्द आले कसे? गोव्यात राहिलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापले. ओवीत बायबलची कथा सांगताना स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हणण्यात त्याला संकोच वाटला नाही. विल्यम केरी या मिशनऱ्याने बंगालमधल्या श्रीरामपूरला नागपूरकडच्या वैजनाथ पंडिताच्या मदतीने मराठीचे काम केले. त्याचे मराठी व्याकरण १८०५ चे. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि १८४२ मध्ये अहमदनगरला त्यांचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. त्याच मिशनचे हात पुढे सोलापुरातही पोचले. पुढच्या पिढीत बाबा पदमनजी आले. ‘यमुनापर्यटन’ लिहिणाऱ्या या माणसाने मराठी पर्यायशब्दांचा ‘शब्दरत्नावली’ हा कोशही केला. एका अर्थाला किती शब्द असू शकतात, हे त्यांच्याइतके त्या काळात फार थोड्यांना ठाऊक असेल.

या परंपरेत रूढ झाले ते दोन शब्द : ‘निर्माणकर्ता’ आणि ‘उत्पन्नकर्ता’. शेजारच्या तेलुगू आणि कन्नड बायबलांत ‘सृष्टिकर्ता’ आहे, उर्दूत ‘ख़ालिक़’. सोलापूर हे चार भाषा बोलणारे शहर. एकाच रस्त्यावर या सगळ्यांतून प्रार्थना ऐकू येऊ शकते. आता संस्कृत शब्दांच्या पोटात शिरून पाहा. ‘सृष्टी’तला सृज् धातू सोडणे, बाहेर टाकणे सांगतो. ‘निर्माणा’तला मा धातू मोजमापाचा आहे. ‘उत्पन्न’ म्हणजे वर आलेले, उगवलेले. एक बाहेर सोडतो, एक मापतो, एकाकडून उगवते. वसवणारा यांत कुठेच नाही.

ही उणीव कळण्याची कुवत असलेली बाई आपल्या रेल्वेमार्गावरच होती. पुण्याहून सोलापूरकडे येताना दौंडच्या अलीकडे केडगाव लागते. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतराला दिली. संस्कृतात निष्णात असलेल्या या विदुषीने इब्री आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून सबंध बायबल मराठीत आणले, आणि तेही खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. संस्कृत शब्दांबरोबर येणारे जुने तात्त्विक अर्थ नकोत, हा त्यांचा आग्रह होता. संस्कृत ज्याला येत नाही तो असा आग्रह धरूच शकत नाही. आश्रमातल्या स्त्रियांनीच खिळे जुळवून ते छापले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ पूर्ण छापून बाहेर आला तो त्यांच्या मागे. शंभर वर्षे झाली, पण मराठीच्या अभ्यासक्रमांत या भाषांतराला अजून जागा नाही म्हटले तरी चालेल.

आपल्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आले आणि २०१३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये शेजारच्या उस्मानाबादेत, आजच्या धाराशिवात, ते साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. संमेलननगरीला नाव होते संत गोरोबाकाकांचे. तेरच्या कुंभाराच्या नावाने उभ्या मांडवात बायबलचा भाषांतरकार अध्यक्ष! यिर्मया संदेष्ट्याने देवाला कुंभाराच्या घरी पाहिले होते, हे त्या वेळी किती जणांना आठवले असेल?

मग घडवणारा खरा की वसवणारा? इब्री लोकांस पत्राचा तो एकुलता ‘देमिउर्गोस’ इथे उपयोगी पडतो. अब्राहाम पालांत राहत होता आणि पाया असलेल्या नगराची वाट पाहत होता. त्या नगराचा कारागीर आणि देमिउर्गोस देव आहे, असे ते वचन सांगते. नगराची गोष्ट असून शब्द मात्र कारागिराचा! दोन्ही शब्द इथे एकमेकांत मिसळले. शुभवर्तमानात येशूला ‘तेक्तोन’ म्हणतात. होमरच्या यादीतल्या सुताराचा शब्द तोच. केल्सस नावाच्या तत्त्वज्ञाने दुसऱ्या शतकात याच सुतारकीची टवाळी केली. त्याला उत्तर देताना ओरिगेनसारखा ख्रिस्ती पंडितही, आमच्या शुभवर्तमानांत येशूला स्वतःला कुठे सुतार म्हटलेले नाही, असे म्हणून सुटू पाहतो. मार्काच्या सहाव्या अध्यायात तर ते स्पष्ट आहे. कष्टाच्या हातांची लाज किती खोल असते, ते यावरून दिसते.

ही लाज सोलापूरच्या ग्रामदैवतालाही चुकली नाही. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी इथे तलाव खोदवला, देवळे बांधली, ६८ लिंगे स्थापिली. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात संत अल्लमप्रभू येतात ते सिद्धरामांना ‘ओड्ड’ म्हणून, म्हणजे मातीकाम करणाऱ्या वडारांच्या नावाने, डिवचतच. सिद्धरामांचे भक्त खवळतात. आज मात्र त्याच मातीकामाचे पाणी देवळाभोवती आहे आणि संक्रांतीला नंदीध्वज निघतात ते त्याच लोकोपयोगी कामाच्या धन्यासाठी. देमिउर्गोसचा मूळ अर्थ, लोकांचे काम करणारा, इथे कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

‘वसवणे’ या शब्दाला दुसरी बाजूही आहे आणि तीही याच शहरात पाहायला मिळते. १८७१ पासूनच्या कायद्यांनी ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले, त्यांना इंग्रज सरकारने सोलापुरात तारेच्या कुंपणाआड ‘वसवले’. ते कायदे १९५२ पर्यंत गेले. वस्तीचे नाव अजून सेटलमेंटच आहे. तिथे हजेरी होती, कौल नव्हता. वसवणारा समर्थ असला म्हणजे झाले, असे समजणाऱ्यांनी त्या वस्तीतून एकदा चालत जावे. पेत्राने ‘विश्वासू’ हे विशेषण का लावले, ते तिथे कळेल.

आणि उरलेले सोलापूर? तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कर्नाटकातून आलेले लिंगायत व्यापारी, गिरण्यांच्या भोंग्यावर खेड्यांतून आलेले मजूर. मिरासदार थोडे, उपरी फार. पेत्राचे पत्र अशाच गावाला उद्देशून आहे.

म्हणून या व्याख्यानाच्या निमित्ताने मराठी बायबलच्या पुढच्या आवृत्त्या करणाऱ्यांना एक विनंती. ‘निर्माणकर्ता’ हा शब्द प्रार्थनेत रुळला आहे, तो खुशाल राहू द्या. पेत्राच्या त्या वचनाला मात्र एक तळटीप द्या : मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वसवणारा’ असाही आहे. आणि सोलापूरच्या महाविद्यालयांतल्या मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगणे असे की रमाबाईंचे बायबल मिळवा, स्टीफन्सचे पुराण, पदमनजींचा कोश आणि आजची आवृत्ती शेजारी ठेवा, आणि प्रत्येकाने कोणत्या जागी कोणता शब्द वापरला त्याची यादी करा. मराठी गद्याच्या इतिहासातले हे प्रकरण अजून लिहायचे राहिले आहे.